गुणांकन पद्धती आणि आपले कुशल तरुण

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांना स्थलांतर नवे नाही. मिरची तोडणीचा हंगाम आला की दक्षिण गडचिरोलीतील कितीतरी कुटुंबे आजही तेलंगणात जातात. उलटपक्षी बल्लारपूरची कागद गिरणी, कोळशाच्या खाणी, ऊर्जानगरचे औष्णिक वीज केंद्र आणि राजुरा-गडचांदूर भागातील सिमेंट कारखाने यांनी बाहेरचे हजारो कामगार येथे आणले. अलीकडे सुरजागड व कोनसरी ही नावेही त्यांत जमा झाली आहेत. या कामांवर वीजतंत्री, जोडारी, यंत्रकारागीर म्हणून उभा राहिलेला स्थानिक तरुण आता आणखी एका वाटेची चौकशी करू लागला आहे. ती वाट परदेशातील कुशल नोकरीची आहे.

या वाटेवर अनेक देशांनी गुणांची चाळणी लावली आहे. ही चाळणी कशी चालते आणि आपल्या तरुणाला तिच्यात पुढे जाण्यासाठी काय करावे लागते, याची माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे. कारण यातील बहुतेक गुण अर्ज भरण्याच्या दिवशी मिळत नाहीत. ते शाळेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत व कामाच्या ठिकाणी, कित्येक वर्षे आधी जमा होत असतात.

गुणांकन म्हणजे काय?

कॅनडाने १९६७ साली ही पद्धत प्रथम अमलात आणली. अर्जदार कोणत्या देशाचा वा वंशाचा आहे हे न पाहता त्याचे शिक्षण, अनुभव, भाषाज्ञान व वय यांना ठरावीक गुण द्यावयाचे आणि विशिष्ट मर्यादा गाठणाऱ्यास प्रवेशाची संधी द्यावयाची, असे तिचे सूत्र आहे. पुढे ऑस्ट्रेलियासह इतर देशांनीही ती स्वीकारली.

नियम देशोदेशी वेगळे असतात आणि ते बदलतातही. कॅनडाने नोकरीच्या प्रस्तावाबद्दल दिले जाणारे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद केले. तेवढ्याच गुणांवर भिस्त ठेवून बसलेल्यांचे गणित त्यामुळे एका दिवसात बदलले. म्हणून एकाच रकान्यावर विसंबून न राहता सर्व रकान्यांत थोडी थोडी भर घालणे हे पहिले धोरण असावे.

जर्मनीचे संधीपत्र

आपल्या भागातील औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या तरुणास सर्वांत जवळची अशी पद्धत जर्मनीची आहे. भारत व जर्मनी यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरविषयक करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. त्याच वर्षी १ जूनपासून जर्मनीने ‘चान्सनकार्टे’ म्हणजे संधीपत्र देण्यास प्रारंभ केला. संधीपत्रधारकास एक वर्षापर्यंत तेथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते आणि दोन आठवड्यांपर्यंतचे चाचणी-काम घेता येते. नोकरीची हमी मात्र त्यात नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

ज्याची अर्हता जर्मनीत पूर्णपणे मान्य झाली आहे, त्यास गुणांची गरज पडत नाही. इतरांसाठी दोन प्राथमिक अटी आहेत. अर्हता मायदेशात शासनमान्य व किमान दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची, अथवा विद्यापीठाची पदवी असावी. तसेच जर्मन भाषेची ए-१ ही पहिली पायरी किंवा इंग्रजीची बी-२ ही पायरी गाठलेली असावी. यानंतर किमान ६ गुण मिळवावे लागतात. मुख्य गुण असे आहेत :

अर्हतेस जर्मनीत अंशतः मान्यता : ४ गुण.
अर्हतेशी संबंधित कामाचा अनुभव, गेल्या सात वर्षांत किमान पाच वर्षे : ३ गुण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे : २ गुण.
जर्मन भाषा ए-२ : १ गुण, बी-१ : २ गुण, बी-२ किंवा अधिक : ३ गुण.
इंग्रजी सी-१ किंवा अधिक : १ गुण.
वय ३५ वर्षांपर्यंत : २ गुण, त्यापुढे ४० पर्यंत : १ गुण.
तुटवड्याच्या यादीतील व्यवसाय : १ गुण.

याखेरीज जर्मनीतील पूर्वीचा वैध निवास आणि सोबत अर्ज करणाऱ्या पात्र जोडीदाराबद्दलही प्रत्येकी एक गुण आहे.

एक गुण कोठे अडतो?

उदाहरणादाखल राजुरा तालुक्यातील २७ वर्षांच्या एका वीजतंत्र्याचा विचार करू. त्याने दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि त्यानंतर सिमेंट कारखान्यात सलग पाच वर्षे काम केले आहे. वयाचे २ व अनुभवाचे ३ मिळून त्याचे ५ गुण होतात. जर्मनची पहिली पायरी त्याने गाठली असली, तरी ती केवळ प्रवेशाची अट असल्यामुळे तिला गुण नाही. दुसरी पायरी, ए-२, गाठताच सहावा गुण मिळतो. एका पायरीच्या अंतराने होय व नाही यांचा निकाल लागतो.

याच तरुणाचा अनुभव तीन वर्षांचा असता तर ४ गुण झाले असते आणि त्यास बी-१ पर्यंत शिकावे लागले असते. त्याचे वय ३७ असून अनुभव पाच वर्षांचा असता, तरीही ४ गुण आणि तीच गरज. याउलट एखाद्या परिचारिकेच्या पदविकेस अंशतः मान्यता मिळाली आणि तिचे वय ३० असेल, तर ४ व २ मिळून ६ गुण तेथेच पूर्ण होतात. प्रत्येकाने प्रथम असा हिशेब कागदावर मांडावा. आपला गुण कोठे अडतो हे कळल्याशिवाय कोठे श्रम करावयाचे हे कळत नाही.

अभ्यासक्रमाची निवड

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेताना जो व्यवसाय निवडला जातो, तेथेच पुष्कळसा निर्णय होऊन जातो. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यंत्रकारागीर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. संधाता, नळ कारागीर, डिझेल यांत्रिकी हे एक वर्षाचे आहेत. एक वर्षाचे अभ्यासक्रम कमी प्रतीचे आहेत असे मुळीच नाही. चांगल्या संधात्याला येथेही मागणी आहे. परंतु दोन वर्षांची अट असलेल्या संधीपत्रासाठी केवळ ते प्रमाणपत्र चालणार नाही. ही गोष्ट अठराव्या वर्षी कळली तर मार्ग काढता येतो. तिशीत कळली तर तो फार लांबचा होतो.

एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्यांनी निराश होऊ नये. दहावीच्या आधारे तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेता येते. गडचिरोली व ब्रह्मपुरी येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. दोन वर्षांचे औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण केलेल्यास तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेचे प्रमाणपत्र शासनमान्य परिषदेचे आहे की केवळ खासगी संस्थेचे, हे मात्र अवश्य पाहावे.

अनुभवाचा कागद

अनुभवास तीन गुण आहेत. परंतु गुण कामाला नव्हे, कामाच्या पुराव्याला मिळतात. आपल्याकडील कित्येक तरुण ठेकेदारामार्फत काम करतात. ठेकेदार बदलतो, कामगार त्याच यंत्रावर राहतो आणि पाच वर्षांनंतर त्याच्या हाती एकही कागद नसतो. मिरची तोडणाऱ्या मजुराचे श्रम जसे कोठेच नोंदले जात नाहीत, तशीच गत मग कुशल कारागिराचीही होते.

यासाठी नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, भविष्य निर्वाह निधीचे विवरण आणि सेवा संपताच घेतलेले प्रमाणपत्र ही जपून ठेवावीत. प्रमाणपत्रात पदनाम, कामाचे स्वरूप, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि कामाचे साप्ताहिक तास स्पष्ट असावेत. ‘मदतनीस’ म्हणून नोंद असलेल्या वीजतंत्र्याचा अनुभव त्याच्या अर्हतेशी जुळत नाही. म्हणून पदनाम योग्य लिहवून घेण्याचा आग्रह कामावर रुजू होतानाच धरावा.

भाषेचे गुण

सर्व रकान्यांत भाषेचा रकाना असा आहे की जो आज, गावात बसून वाढविता येतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या तरुणास इंग्रजीची बी-२ पायरी अवघड वाटते. त्यापेक्षा जर्मनच्या पहिल्या दोन पायऱ्या कित्येकांना सोप्या जातात, कारण तेथे सर्वांचाच आरंभ शून्यापासून होतो. ए-२ पर्यंत पोहोचण्यास साधारणतः दोनशे ते साडेतीनशे पाठ-तासिका लागतात. रोज एक तास दिल्यास हे एका वर्षाचे काम आहे. परीक्षा मात्र मान्यताप्राप्त संस्थेचीच द्यावी. मुंबई व पुणे येथील मॅक्स म्यूलर भवनात अशा परीक्षा होतात.

येथे एक सुखद गोष्ट नमूद करावीशी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या गुणांकनात किमान ६५ गुण लागतात आणि त्यांपैकी ५ गुण समाजभाषेच्या परीक्षेबद्दल मिळू शकतात. या परीक्षेच्या भाषांमध्ये मराठी आहे. इंग्रजी व मराठी यांतील दोन संभाषणे दोन्ही बाजूंनी तोंडी समजावून सांगावी लागतात; ९० पैकी ६३ गुण आणि प्रत्येक संभाषणात ४५ पैकी किमान २९ गुण मिळाल्यास उमेदवार उत्तीर्ण होतो. सिरोंचाकडील तेलुगू बोलणाऱ्या किंवा मुलचेरा-चामोर्शी भागातील बंगाली बोलणाऱ्या मुलांनाही त्यांच्या भाषेतून ही परीक्षा देता येते. मायबोली शुद्ध व नेटकी बोलता येणे हीदेखील एक कमाई आहे, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे.

वय आणि दाखला

वयाचे गुण कोणालाही वाढविता येत नाहीत. ते केवळ कमी होतात. ऑस्ट्रेलियात २५ ते ३२ या वयास सर्वाधिक ३० गुण असून ४५ वर्षांनंतर अर्जच करता येत नाही. कॅनडात तिशीनंतर दरवर्षी गुण घटत जातात. म्हणून तयारी विशीत सुरू व्हावी.

परंतु ज्या वयावर गुण मोजावयाचे, ते कागदोपत्री एकच असले पाहिजे. शाळेत नाव घालताना अंदाजाने १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे दीर्घकाळ होता. मडावी, आत्राम, पुंगाटी यांसारखी आडनावे रोमन लिपीत प्रत्येक कागदावर वेगळ्या अक्षरांत लिहिली गेलेली आढळतात. शाळेचा दाखला, आधारपत्र, गुणपत्रिका व पारपत्र यांत असा फरक राहिला की अर्ज अडतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. अतिदुर्गम पाड्यावरील प्रत्येक जन्माची वेळेवर व बिनचूक नोंद करणे, ही ग्रामपंचायतीने त्या बालकास दिलेली पहिली शिदोरी होय.

पैसा आणि मध्यस्थ

संधीपत्रासाठी अर्जदाराने आपल्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. २०२५ साली ही रक्कम दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो होती. रुपयांत ती बारा लाखांहून अधिक होते. तेथील अर्धवेळ नोकरीचा करार हाती असल्यास हा भार हलका होऊ शकतो. एवढ्या रकमेसाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी कुटुंबाने शांतपणे विचार करावा. कारण वर्षअखेर नोकरी न मिळाल्यास परत यावे लागते आणि कर्ज मात्र येथेच वाट पाहत असते. नोकरीचा करार आधी मिळवून जाण्याचे मार्गही आहेत. ते प्रथम पडताळावेत.

‘गुण वाढवून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतील. कोणताही मध्यस्थ वय, अनुभव किंवा भाषा विकू शकत नाही. तो विकतो ते खोटे कागद असतात आणि ते उघडकीस आल्यास अर्जदाराचीच वाट बंद होते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी आवश्यक असून उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढी आहे. नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय यंत्रणेवर तपासता येते.

गावाने काय करावे?

मुख्याध्यापकांनी आठवी-नववीतच नाव व जन्मतारखेची तपासणी करून दुरुस्त्या वेळीच कराव्यात. दहावीच्या पालकसभेत अभ्यासक्रमांच्या कालावधीची माहिती द्यावी. ग्रामपंचायतीने वाचनालयात एखादी भाषा-अभ्यासिका चालवावी आणि बाहेर कामास जाणाऱ्या तरुणांना अनुभवाचे कागद जपण्यास सांगावे. यास वेगळा निधी लागत नाही, लक्ष लागते.

प्रत्येक तरुणाने परदेशी जावे असा या लेखाचा आशय नाही. जावे की राहावे हा त्याचा व त्याच्या घरच्यांचा निर्णय आहे. मात्र या वाटेची तयारी वाया जात नाही. दोन वर्षांचे पक्के प्रशिक्षण, पदनामासह नोंदलेला अनुभव, अचूक दाखला आणि आणखी एक भाषा एवढी सामग्री ज्याच्यापाशी आहे, त्याची किंमत जर्मनीत होते तशी ऊर्जानगरात, नागपुरात आणि पुण्यातही होते. ज्याच्यापाशी ती नाही, त्याला कौशल्य असूनही सर्वत्र मजूरच समजले जाते. आपल्या वनजिल्ह्यांतील हातांच्या कौशल्याची नोंद व्हावी, एवढे तरी आपणा सर्वांच्या हाती आहे.