मेडिकल कोडिंग शिकायचंय? आधी खर्चाचा पूर्ण हिशेब मांडा
सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

बी.एस्सी., बी.फार्म., डीएमएलटी किंवा नर्सिंग झालेल्या मुलामुलींच्या घरात सध्या मेडिकल कोडिंगचा विषय हमखास निघतो. 'चार महिन्यांचा कोर्स, शंभर टक्के प्लेसमेंट' अशी जाहिरात मोबाइलवर येते. मग सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरजेतून कुणी पुण्यातल्या क्लासला फोन लावतं आणि तिकडून फीचा आकडा सांगितला जातो. हे क्षेत्र खोटं नाही. काम खरं आहे, कंपन्या खऱ्या आहेत, आणि आपल्या भागातली कितीतरी मुलं यात स्थिरावली आहेत. पण क्लासची फी म्हणजे एकूण खर्च नव्हे. बऱ्याचदा ती निम्मीसुद्धा नसते. त्यामुळे सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका. खर्च टप्प्याटप्प्याने करा आणि प्रत्येक टप्प्यावर पुढे जायचं की थांबायचं ते ठरवा.

काम नेमकं काय असतं?

अमेरिकेत डॉक्टरने रुग्ण तपासला की त्याचे पैसे बहुतांशी विमा कंपनीकडून येतात. त्यासाठी डॉक्टरच्या नोंदी वाचून आजाराला आणि उपचाराला ठरलेले सांकेतिक क्रमांक द्यावे लागतात. ते कोडिंग. आजारांसाठी आयसीडी-१०-सीएम, डॉक्टरांच्या उपचारांसाठी सीपीटी आणि औषधं-साहित्य वगैरेंसाठी एचसीपीसीएस हे कोडसंच वापरतात. आयसीडी-१०-सीएम अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला. त्यात सत्तर हजारांहून जास्त कोड आहेत आणि दर ऑक्टोबरला त्यात भर-वजाबाकी होते. कोड लागले की क्लेम पाठवणं, पैसे जमा झाले का ते पाहणं, नाकारलेल्या क्लेमचा पाठपुरावा करणं हे सगळं बिलिंग.

एक उदाहरण पाहा. रुग्णाला टाइप-२ मधुमेह आहे, किडनीचा आजार चौथ्या टप्प्यात आहे आणि इन्सुलिन कायमचं चालू आहे. नवशिका 'मधुमेह' शब्द पाहून ई ११.९ लावून मोकळा होतो. पण तो कोड गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाचा. इथे ई ११.२२ लागतो, किडनीचा टप्पा सांगायला त्यानंतर एन १८.४ आणि इन्सुलिनसाठी झेड ७९.४. एक कोड चुकला तर क्लेम परत येतो, पैसे अडकतात. म्हणून कंपन्या साधारण ९५ टक्के अचूकतेची अपेक्षा ठेवतात आणि रोजचं टार्गेटही देतात. सलग आठ-नऊ तास इंग्रजी नोंदी बारकाईने वाचायची तयारी असेल तरच हे काम झेपतं.

पहिला टप्पा: खर्च शून्य

क्लासला जाण्याआधी महिनाभर घरीच चाचपणी करा. आयसीडी-१०-सीएमचे कोड आणि ते लावण्याचे अधिकृत नियम अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शरीररचनेचे धडे 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर आणि यूट्यूबवर आहेत. रोज दोन तास बसा. घरातल्या जुन्या डिस्चार्ज कार्डावरचं निदान घ्या आणि त्याचा कोड शोधून पाहा. महिन्याभरात कंटाळा आला, तर तुमचे हजारो रुपये वाचले. गोडी लागली, तर क्लासमध्ये तुम्ही इतरांच्या पुढे असाल.

खर्चाचे सहा भाग

पुढचे आकडे हिशेब मांडण्यासाठी धरलेले आहेत. तुम्हाला लेखी मिळालेला आकडा त्या जागी घाला आणि बेरीज करा.

*क्लासची फी:* तीन-चार महिन्यांच्या कोर्ससाठी ३०,००० रुपये धरा. यापेक्षा स्वस्त क्लास आहेत आणि दुपटीने महागही आहेत.

*जीएसटी:* खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३०,००० वर ५,४००. सांगितलेली फी जीएसटीसह आहे की त्याशिवाय, हे पहिल्याच फोनवर विचारा. ज्याची नोंदणीच नाही, त्या क्लासला जीएसटी आकारता येत नाही. त्यामुळे पावतीवर जीएसटी क्रमांक पाहा.

*पुस्तकं:* सीपीटी, आयसीडी आणि एचसीपीसीएस या तीन कोडबुकांसाठी १५,००० धरा. सीपीटीचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहेत, म्हणून ते फुकट मिळत नाही. कोड दरवर्षी बदलतात. परीक्षेसाठी सेकंडहँड जुनी आवृत्ती घेऊन बसू नका.

*परीक्षा आणि सभासदत्व:* यासाठी ३०,००० बाजूला ठेवा. सगळ्यात जास्त मागणी एएपीसी या अमेरिकी संस्थेच्या सीपीसी प्रमाणपत्राला आहे. परीक्षेत १०० प्रश्न, चार तास वेळ आणि ७० टक्क्यांना पास. कोडबुक जवळ ठेवता येतात, पण एका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. परीक्षा घरून ऑनलाइनही देता येते. गावाकडे लाइट जात असेल तर इन्व्हर्टर असलेली जागा आधी पाहून ठेवा. फी भरताना एक प्रयत्न की दोन, तेही पाहून घ्या.

*पुण्यातला मुक्काम:* कॉट-बेसिसवर राहणं, मेस आणि बस मिळून महिन्याला १२,००० धरा. चार महिन्यांचे ४८,००० झाले. म्हणजे क्लासच्या फीपेक्षा जास्त.

*पगार सुरू होईपर्यंतचे दिवस:* मुलाखती, डिपॉझिट आणि पहिला पगार हातात पडेपर्यंतचा खर्च यासाठी २४,००० धरा. हा भाग जाहिरातीत कधीच नसतो.

तीन वाटा, तीन बेरजा

पहिली वाट: पुण्यात राहून क्लास करायचा, सीपीसी द्यायची, मग नोकरी शोधायची. वरच्या सगळ्या भागांची बेरीज १,५२,४०० रुपये.

दुसरी वाट: घरी राहून ऑनलाइन क्लास आणि सीपीसी. मुक्कामाचे ४८,००० वाचतात. इंटरनेट आणि मुलाखतींच्या फेऱ्यांसाठी ५,००० धरले, तर बेरीज १,०९,४०० होते.

तिसरी वाट: घरून ऑनलाइन क्लास, आधी नोकरी आणि परीक्षा नंतर पगारातून. क्लास आणि जीएसटीचे ३५,४००, फेऱ्यांचे ५,०००, पगार सुरू होईपर्यंतचे २४,०००. एकूण ६४,४००. पुस्तकं आणि परीक्षेचे ४५,००० पुढे ढकलले जातात. प्रमाणपत्र नसलेल्या फ्रेशर्सची परीक्षा घेऊन त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या कंपन्या आहेत. काही कंपन्या पुढे सीपीसीचा खर्चही उचलतात.

आता पगाराकडे पाहू. सुरुवातीला हातात महिन्याला १६,००० आले आणि पुण्यातला खर्च १२,००० झाला, तर शिल्लक राहतात ४,०००. या शिलकीतून पहिल्या वाटेचा खर्च फिटायला साधारण ३८ महिने लागतात, तिसऱ्या वाटेचा साधारण १६ महिन्यांत फिटतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर तिसरी वाट धरा. घरी पाठबळ असेल आणि अभ्यासाची शिस्त असेल तर दुसरी चांगली. पहिली फक्त त्यांनी निवडावी, ज्यांचं समोर शिक्षक असल्याशिवाय होतच नाही.

सीपीसी पास झालं तरी अनुभव नसलेल्याच्या नावापुढे 'सीपीसी-ए' लागतं. त्यातला 'ए' शिकाऊपणाचा. दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवानंतर तो काढता येतो. पुढे दरवर्षी सभासदत्वाचं नूतनीकरण करावं लागतं आणि दर दोन वर्षांनी ३६ शैक्षणिक गुण मिळवावे लागतात. हा खर्च कायमचा आहे, तोही लक्षात ठेवा.

कोडिंग की बिलिंग? पाळीचा विचार करा

कोडिंगचं काम बहुधा दिवसपाळीत चालतं. बिलिंगमधलं एआर कॉलिंग, म्हणजे अमेरिकी विमा कंपन्यांना फोन करून अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा, हे मात्र रात्रपाळीचं काम. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. 'मेडिकल बिलिंगची नोकरी' म्हणून बोलावलं तर पाळी कुठली आणि रात्री कॅबची सोय आहे का, हे मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी न संकोचता विचारावं. कॉलिंगला बोलण्यातलं इंग्रजी सफाईदार लागतं, कोडिंगला वाचनाचं.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करू नका. सोप्या नोंदींना कोड सुचवणारी सॉफ्टवेअर आता कंपन्यांत आली आहेत. यापुढे टिकणार तो सॉफ्टवेअरने सुचवलेला कोड नियमाशी ताडून बरोबर की चूक सांगणारा. त्यामुळे कोड पाठ करून घेणाऱ्या क्लासपेक्षा नियम आणि शरीररचना शिकवणारा क्लास निवडा.

घराजवळची वाट

सगळ्यांनी पुणं किंवा नवी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. मिरज हे १८९४ मध्ये वॉनलेस रुग्णालय सुरू झाल्यापासून वैद्यकीय गाव आहे. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कऱ्हाडात कृष्णाचं आणि आता साताऱ्यातही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी दवाखान्यांची तर गणतीच नको. या प्रत्येक ठिकाणी बिलिंग काउंटर आहे आणि बऱ्याच ठिकाणी टीपीए डेस्क, म्हणजे विमा क्लेमचं काउंटरही.

टीपीए डेस्कवरच्या माणसाचं काम म्हणजे रुग्ण दाखल होताच विमा कंपनीला प्री-ऑथ, म्हणजे पूर्वमंजुरीची मागणी पाठवणं, त्यांच्या क्वेरीला उत्तर देणं आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी आणणं. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. दवाखान्याची फाइल अर्धवट असेल तर याचा उपयोग होत नाही, म्हणून नीट फाइल लावणाऱ्या माणसाला मोल आहे. दवाखान्याने भरायच्या क्लेम फॉर्मच्या 'ब' भागात आयसीडी-१० कोडचे रकानेही आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचं काम पॅकेजवर चालतं. तिथे आरोग्यमित्र आणि दवाखान्याच्या बाजूने मेडको (वैद्यकीय समन्वयक) यांच्याकडून कागदपत्रं ऑनलाइन जातात.

या कामाला अमेरिकी प्रमाणपत्र लागत नाही. संगणकाची सवय, एमएस-सीआयटीसारखा पाच हजारांच्या घरातला कोर्स, स्वच्छ इंग्रजी टायपिंग आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी शांतपणे बोलण्याची हातोटी एवढं पुरतं. पगार पुण्यापेक्षा कमी असतो. पण घरचं जेवण आणि घरचं छप्पर धरलं तर महिनाअखेरची शिल्लक फार वेगळी नसते. वर्षभर असा अनुभव घेऊन मग कोडिंगकडे वळणाऱ्याला वैद्यकीय भाषा आधीच अंगवळणी पडलेली असते.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

- शेवटी मिळणारं प्रमाणपत्र क्लासचं की एएपीसीचं? क्लासने स्वतः छापलेलं 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्र म्हणजे सीपीसी नव्हे.
- शिकवणारे स्वतः सीपीसी आहेत का? त्यांचा सभासद क्रमांक मागा. एएपीसीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.
- परीक्षा फी, सभासदत्व आणि पुस्तकं फीमध्ये धरलेली आहेत का? एकेक बाब लेखी घ्या.
- 'प्लेसमेंट' म्हणजे नोकरी की फक्त मुलाखतीचा निरोप? गेल्या बॅचच्या मुलांशी बोलू द्या म्हणा.
- मध्येच क्लास सोडला तर किती पैसे परत मिळतील?
- हप्ते क्लासचे की फायनान्स कंपनीचे? फायनान्सचे असतील तर ते कर्ज तुमच्या नावावर असतं आणि क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहू शकतो. सही करण्याआधी कर्जाचं माहितीपत्रक वाचा.

मार्कलिस्ट, डिग्रीचे मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्सच द्या. नोकरी देण्यासाठी 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. कंपनीचा बाँड असेल तर मुदत आणि रक्कम वाचूनच सही करा.

फसवणूक झाली तर

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीची खोटी हमी देणं त्यानुसार चालत नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि फीची पावती जपून ठेवा. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनेच द्या. आधी क्लासला लेखी पत्र पाठवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही आणि वकील लावणं बंधनकारक नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

हे क्षेत्र चांगलं आहे आणि आपल्या मुलामुलींच्या आवाक्यातलं आहे. पण त्यासाठी शेत गहाण टाकण्याची किंवा आईचे दागिने मोडण्याची गरज नाही. महिनाभर फुकट अभ्यास करा, मग थोड्या पैशांत ऑनलाइन क्लास करा, नोकरी धरा आणि सीपीसीची फी स्वतःच्या पगारातून भरा. आज क्लासला फोन करणार असाल तर एवढंच सांगा: सगळा खर्च एका कागदावर लिहून, सही-शिक्क्यासह पाठवा. जो क्लास हे टाळेल, तिथे पैसे भरू नका.