आधी लाइट, मग लॅपटॉप

धाराशिव, कळंब किंवा उमरग्यात घरी बसून डेटाबेस सांभाळायचा, तर पहिला पैसा कशावर घालावा? विचारणारी बहुतेक मुलं-मुली लॅपटॉप आणि कोर्सपासून सुरुवात करतात. माझं मत उलटं आहे. डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे डीबीएला, पगार मिळतो तो डेटाबेस बंद पडू न दिल्याबद्दल, आणि पडलाच तर रात्री दोन वाजताही उठवल्याबद्दल. नेमक्या त्या वेळी घरात अंधार असेल, तर साठ हजारांचा लॅपटॉप काही कामाचा नाही. म्हणून आधी वीज, मग इंटरनेटची दुसरी लाइन आणि उरलेल्यात बाकी सगळं.

हे काम दुरून करता येतं याबद्दल शंका नको. शहरातल्या ऑफिसातही सर्व्हर डीबीएच्या शेजारी नसतोच. कॅनडातली पायथियन ही कंपनी १९९७ पासून दुसऱ्यांचे डेटाबेस लांबून सांभाळत आली आहे.

विजेची चौकशी वायरमनपासून करा. घर गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या फीडरवर, हा पहिला प्रश्न. गावठाणात वीज जाते आणि येते. शेतवस्तीवर मात्र थ्री फेज वीज साधारण आठच तास, तीही पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. उरलेल्या वेळात काही वस्त्यांना सिंगल फेज मिळते, काहींना तीही नाही. तुम्ही वस्तीवर राहत असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: कामासाठी गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी एक खोली भाड्याने घ्या. दोन-तीन हजारांचं ते भाडं बॅटऱ्यांवर बॅटऱ्या घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. दुसरा प्रश्न डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा. मागच्या उन्हाळ्यात ती जळाली होती का आणि बदलायला किती दिवस लागले, हे शेजारी बरोबर सांगतील. महावितरणकडे तक्रारीसाठी १९१२ हा नंबर आहे.

साइन वेव्ह इन्व्हर्टर साधारण सहा ते आठ हजारांत येतो, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी तेरा ते सतरा हजारांत. एवढ्यात किती तास निघतील, ते दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न सोडता स्वतः काढा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॉट-तास. तूट वजा जाता हाती १,२०० च्या आसपास. लॅपटॉप ६० वॉट, मॉनिटर २५, राउटर १२, एलईडी ९, साधा पंखा ७५, मिळून १८१ वॉट. म्हणजे साडेसहा तास. यात सगळ्यात जास्त खाणारा पंखा आहे. तो काढून तीस वॉटचा बीएलडीसी पंखा लावला, तर तीच बॅटरी पावणेनऊ तास जाते. पंख्याची किंमत अडीच-तीन हजार. दोन तासांसाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. एप्रिल-मेमध्ये पंख्याऐवजी कूलर लावलात, तर हेच गणित चार तासांवर येतं. शिवाय अर्थिंग तपासून घ्या. नवीन करायला दोन-तीन हजार लागतात. राउटरला बाराशे-पंधराशेचा छोटा यूपीएस जोडला, तर इन्व्हर्टर बिघडला तरी इंटरनेट चालू राहतं.

सोलरबद्दल एक गैरसमज महागात पडतो. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. बिल खरोखर उतरतं. पण बॅटरीशिवायची, थेट ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की स्वतःहून बंद होते, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये. भर दुपारी छतावर ऊन आणि घरात वीज नाही, असं होतं. बिलासाठी सोलर जरूर घ्या, पण इन्व्हर्टर काढून टाकू नका.

इंटरनेटला लोक समजतात तेवढा वेग लागत नाही. डीबीएचं मुख्य काम काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याचं, त्याला अगदी थोडा डेटा पुरतो. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस. ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा फायबर प्लॅन १८ टक्के जीएसटीसह ४७१ ला पडतो, १०० एमबीपीएसचा ६९९ चा प्लॅन ८२५ ला. पहिला पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांत दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या, महिना तीनशे-साडेतीनशे. दोन फायबर घेऊ नका: दोन्ही केबल एकाच रस्त्याने येत असतील, तर रस्त्याच्या कामावरचा एकच जेसीबी दोन्ही तोडतो. मोबाइलच्या टॉवरलाही बॅटरी असते आणि तीही संपते. लाइट गेल्यावर किती वेळाने गावातली रेंज जाते, ते एकदा घड्याळ लावून बघा. लांबलचक काम नेहमी सर्व्हरवरच टीमक्ससारख्या प्रोग्रॅमच्या सत्रात चालवा. लाइन तुटली तरी ते तिकडे सुरू राहतं. हे फुकट आहे.

लॅपटॉपची घाई नको. ग्राहकांची माहिती कुणाच्या घरच्या यंत्रावर उतरू नये म्हणून बऱ्याच कंपन्या आपलाच लॅपटॉप आणि व्हीपीएन देतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे, त्यामुळे हा आग्रह वाढेल. सरावाला १६ जीबी रॅमचा जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप तीस-पस्तीस हजारांत पुरतो.

शिकण्याचं साहित्य जवळजवळ मोफत आहे. पोस्टग्रेएसक्यूएल फुकट, मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती फुकट, सरावापुरती ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरची आवृत्तीही फुकट. पुण्यात किंवा हैदराबादच्या अमीरपेठेत क्लासला वीस-चाळीस हजार देण्याआधी घरच्या डेटाबेसची एक फाइल मुद्दाम उडवा आणि बॅकअपमधून परत आणून दाखवा. मुलाखतीत हेच विचारतात. परीक्षांमध्ये मायक्रोसॉफ्टची डीपी-३०० भारतात सुमारे पाच हजारांत होते आणि दर वर्षीचं नूतनीकरण मोफत आहे. ओरॅकलचा एकेक पेपर २४५ डॉलरचा, म्हणजे वीस हजारांच्या वर. तो कंपनी फी देईल तेव्हाच द्या.

खरा मोठा खर्च या यादीत दिसत नाही. चालू डेटाबेसची किल्ली नवख्याच्या हाती कुणी देत नाही. पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांना पुण्यात किंवा हैदराबादेत काढावी लागतात; उमरग्याला तर पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ. ते भाडं, ती मेस, हा सगळा शिक्षणाचाच खर्च धरा. घरी बसून पहिल्याच दिवशी नोकरी देऊ, फक्त डिपॉझिट भरा, असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

घरून काम सुरू झाल्यावर महिन्याचा खर्च असा पडतो: फायबर आणि सिम मिळून आठशेच्या आसपास, रोजच्या दहा तासांच्या कामाची वीज महिन्याला ४७ युनिट, म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये पाचशेच्या आसपास, आणि चार-पाच वर्षांनी बदलायच्या बॅटरीसाठी बाजूला तीनशे. एकूण सोळाशे. पुण्याला अधूनमधून बोलावलं, तर लातूरहून पुण्यामार्गे मुंबईला जाणारी रात्रीची गाडी धाराशिव आणि बार्शीवरून जाते; एसटीत महिलांना निम्मं तिकीट. नोकरी नसून स्वतंत्र काम करत असाल, तर व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेल्यावर.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: महिन्यातल्या किती रात्री ऑन-कॉल, त्या रात्रींचा भत्ता वेगळा किती, आणि इंटरनेट व बॅटरीचा खर्च कोण देणार. बऱ्याच कंपन्या इंटरनेटचा भत्ता देतात, पण मागितल्यावर. बॅटरीचं बिल जपून ठेवा आणि तेही पुढे करा.