हिशेब विभागातील कारकून आणि त्याच्या वह्या

काम चांगले असले की ते आपोआप वरिष्ठांच्या नजरेस येते, अशी नोकरदारांची समजूत असते. श्रीनिवास रामानुजन यांची उमेदवारीची वर्षे पाहिली तर ती टिकत नाही. बुद्धी अलौकिक, पण पदवी नव्हती, आणि तिच्यावाचून दाद लागत नव्हती. १९१० साली महसूल खात्यात एखादी जागा मिळावी म्हणून ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटले. सोबत गणिताच्या वह्या होत्या. अय्यर हे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. त्यांनी नोकरी दिली नाही. मद्रासमधील गणितप्रेमी मित्रांच्या नावे पत्रे मात्र दिली. पुढच्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला.

१९१२ च्या मार्चमध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर हेही सोसायटीचेच सभासद. त्यांच्यामुळे या कारकुनाचे गणित अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्यापर्यंत पोहोचले. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र धाडले. त्यापूर्वी तेथील दोन गणितज्ञांकडून निराशाच पदरी आली होती. पत्रात स्वतःविषयी मोजक्या ओळी, बाकी सारी प्रमेये. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने ७५ रुपयांची मासिक शिष्यवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते इंग्लंडला निघाले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

बढाई आणि परिचय यांतील अंतर या पत्रात दिसते. शाखेत वर्षानुवर्षे न जुळलेल्या नोंदी एखादा अधिकारी चिकाटीने जुळवतो. पण ती रीत कागदावर उतरत नाही आणि त्याच्या बदलीबरोबर विस्मरणात जाते. तिचे एक पानी टिपण क्षेत्रीय कार्यालयाकडे जावे, प्रशिक्षण वर्गात तिची चर्चा व्हावी. वार्षिक स्वमूल्यमापनाचा तक्ता बहुधा अखेरच्या दिवशी घाईने भरला जातो. महिन्याकाठी चार ओळी लिहून ठेवल्या तर तो भरताना आठवणीवर विसंबावे लागत नाही. जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षांचेही तसेच: प्रमाणपत्रापलीकडे, त्या अभ्यासातील एखादा विषय सहकाऱ्यांना समजावून देणारा माणस शंका निघाली की प्रथम आठवतो.

बँकेत एक पथ्य मात्र कडक आहे. टिपणात किंवा समाजमाध्यमावरील मजकुरात ग्राहकाचे नाव, खाते अथवा व्यवहार यांचा उल्लेख कदापि येता कामा नये. रीत सांगावी, खातेदार नव्हे.