विषादरोग आणि रुग्णालयांतील उपचार

आमच्या आगर गांवीं कोणी आठवडेच्या आठवडे अन्नास, झोपेस व चिकूवाडीच्या कामास पारखा झाला कीं लोक त्यास आळशी ठरवितात. तो विषादरोग असूं शकतो. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. तेव्हां यावर खरें औषध नव्हतें. १९३८ त रोम येथें विद्युत्-उपचार निघाला, १९५७ त पहिलीं औषधें जाहीर झालीं. आज विद्युत्-उपचारानें तीव्र रुग्णांपैकीं निम्म्याहून अधिकांस उतार पडतो. भूल दिल्यावांचून तो देण्यास २०१७ च्या कायद्यानें बंदी आहे, हें भिणाऱ्या पालकांनीं ध्यानांत घ्यावें. आमच्या मतें खरी कसोटी रुग्ण घरीं परतल्यावर लागते. पहिले ३ महिने आत्मघाताचें भय सर्वांत अधिक. आणि बरें वाटतांच गोळ्या टाकणाऱ्यांचा रोग पुष्कळदां उलटतो. त्या दिवसांत त्यास एकटें ठेवूं नये, व गोळ्या बंद करणें डॉक्टरांवर सोंपवावें.