गेन उतरव, दोनदा वाजव

धंतोली, नागपूर

प्रिय बेटा,


अल्बमसाठी शंभर वॅटचं मार्शल हेड आणि चार स्पीकरचं कॅबिनेट हप्त्यांवर घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं ताईने सांगितलं. घेऊ नकोस. नुसतं नको म्हटलं तर तुला पटणार नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितो आहे.

तुला जो आवाज हवा आहे, तो मुळात ग्रीन डे बँडच्या ‘डूकी’ अल्बमचा. बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत १९९३ साली त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि १ फेब्रुवारी १९९४ ला तो बाजारात आला. त्यांचा गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग याच्या हातात तेव्हा कोणती महागडी गिटार होती? फर्नांडिस या जपानी कंपनीची, स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवर बनवलेली, पोरवयापासून त्याच्यापाशी असलेली. तिच्या ब्रिजजवळ हंबकर बसवलेला होता, आणि खरं काम त्याचंच. त्यातली दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, त्यामुळे विजेची घरघर आपसात कटते आणि तारेचा सिग्नल तेवढा वाढून पुढे जातो. तुझ्या गिटारला ब्रिजपाशी हंबकर आहेच. म्हणजे गिटारचा प्रश्न मिटला.

अ‍ॅम्प मात्र त्याचा मार्शलच होता, १९५९ नावाचा. ते साल नव्हे, मॉडेलचा नंबर आहे. त्याच्या आतल्या जोडणीत फेरफार करून गेन वाढवलेला होता, हेही खरं. पण शंभर वॅट आणि दहा वॅट यांच्यात कानाला फरक जाणवतो तो जेमतेम दुप्पट. उरलेली ताकद मोठ्या मैदानासाठी असते. तू वाजवणार धरमपेठेतल्या एका खोलीत, स्पीकरपासून चार बोटांवर माइक ठेवून. शंभर वॅटच्या व्हॉल्व्ह हेडचा आवाज जिथे खुलतो, तिथवर तुला बटण नेताच येणार नाही. त्याआधी शेजारचे दारात उभे राहतील. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्याच खोलीत पूर्ण खुलून वाजतो.

आता मुख्य गोष्ट. तू पाठवलेल्या नमुन्यात गेन फार आहे. एकटीने वाजवताना ते भारी वाटतं, कबूल. पण डिस्टॉर्शन आवाजाचा उंचसखलपणा सपाट करतं. पिक तारेवर पडल्याचा टणत्कार बुजतो आणि पाम म्यूटचा ठोका लिबलिबीत होतो. रेकॉर्डवरची जाडी गेनमधून येत नाही, ती थरांतून येते. एकच भाग दोनदा वाजवायचा, एक टेक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे. पहिल्या टेकची कॉपी करून दुसऱ्या बाजूला चिकटवली तर काहीही रुंदावत नाही, कारण दोन्ही कानांना तंतोतंत तेच ऐकू येतं. तुझ्या हाताच्या दोन खेपांमधला जो केसाएवढा फरक असतो, त्यातूनच ती भिंत उभी राहते. म्हणून गेन तुला आवडतो त्याच्या निम्म्यावर आण. एकटा टेक किंचित रोडका वाटला पाहिजे. बेटा, हे ऐकायला अवघड आहे, पण करून बघ.

पॉवर कॉर्डमध्ये गंधार का नसतो, असं तू मागे विचारलं होतंस. तू गाणं शिकलीस, तेव्हा तुला हे इतरांपेक्षा लवकर कळेल. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येतो त्या गंधारापेक्षा गिटारच्या पडद्यावरचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे दोन लगतच्या पडद्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पंचम मात्र अवघा दोन सेंट उतरलेला. स्वच्छ आवाजात ही चूक खपून जाते, पण डिस्टॉर्शन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या करून नवे स्वर काढतं, आणि तिथे तो चढा गंधार गढूळपणा करतो. षड्ज-पंचम तेवढा ठाम उभा राहतो. म्हणूनच दर टेकआधी सूर लाव. तुझ्या कानाइतका चांगला ट्यूनर तुमच्यात दुसरा नाही.

‘डूकी’वर गिटारी अर्धा स्वर उतरवलेल्या आहेत. तशाच उतरवायच्या असतील तर दहाच्या ऐवजी अकराचा तारांचा संच लाव आणि ब्रिजवरचं इंटोनेशन पुन्हा जुळव, नाहीतर तारा ढिल्या पडून ठोक्यासरशी स्वर वर उडतो.

रेकॉर्डिंग मे महिन्यात ठेवलंत. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडीठाक, आणि खोलीत कुलर. गिटारचं लाकूड बाहेर आकसतं आणि कुलरच्या ओलाव्यात पुन्हा फुगतं. नेक रोज थोडी वाकते. गिटार आठवडाभर आधीच त्या खोलीत ठेव, आणि ट्रस रॉड फिरवावाच लागला तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. टेकच्या वेळी कुलर बंद, आणि त्याची मोटर अ‍ॅम्पच्या लाइनवर नकोच. पहाटे वाजवा.

न्यू जर्सीहून दादा अ‍ॅम्प आणतो म्हणाला, असंही ऐकलं. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा; आपल्या २३० वर थेट लावला तर क्षणात जळेल. घरघर जावी म्हणून तुझे बँडमधले पोट्टे प्लगची अर्थिंगची पिन काढतील, त्यांना काढू देऊ नकोस. तुझ्या तारा अर्थला जोडलेल्या असतात; ओठ माइकला लागले आणि अर्थिंग नसलं तर जिवावर बेतू शकतं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालू करायचा नाही, आणि प्लग काढलेला असला तरी मागचं झाकण उघडायचं नाही. आत कित्येकशे व्होल्ट साठून असतात.

पॉप-पंक हे अमेरिकेतल्या पोरांचं काम, असं तुला कोणी म्हणालं तर मुंबईच्या द लाइटइअर्स एक्स्प्लोड या बँडचं नाव सांग. त्यांचा ‘द रिव्हेंज ऑफ कालीचरण’ हा अल्बम २०१३ मध्येच आला. तुझा राग आणि तुझी गाणी तर इथलीच आहेत, ती मला फार आवडतात. ‘बर्डीवरची गर्दी’ हे गाणं शब्द न बदलता ठेव.

अ‍ॅम्पशिवाय एक लाइन सरळ इंटरफेसमध्येही घेत जा. अ‍ॅम्पचा आवाज पुढे नको वाटला तर तीच लाइन नंतर दुसऱ्या अ‍ॅम्पमधून काढता येते, पुन्हा वाजवावं लागत नाही.

माझा पंधरा वॅटचा अ‍ॅम्प आणि एसएम ५७ माइक रविवारी येऊन घेऊन जा. माइक स्पीकरच्या मधोमध न रोखता त्याच्या मधल्या टोपीच्या कडेवर धर आणि एकेक बोट सरकवत ऐक. सोबत दोन फ्यूज देतो आहे. बदलायची वेळ आली तर तेवढ्याच अँपियरचे घाल.

तुझा
मामा