घाटातील उतार आणि वेगाचा हिशेब

प्रश्न : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला मोटारसायकलवरून उतरताना, पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन बंद ठेवावे काय?

उत्तर : मुळीच ठेवू नये. प्रतापगडाच्या परिसरातून सह्याद्री उतरणाऱ्या या मार्गावर, वळणागणिक देह आणि वाहन एकाच तोलात कलते, तेव्हा लाभणारा आनंद अस्सल आहे व त्याची ओढ मी जाणतो. परंतु इंजिन बंद करून वाहन न्यूट्रलमध्ये सोडले, की गिअरमुळे मिळणारा अवरोध नाहीसा होऊन सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो, तो अतोनात तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये राहून, वळणात शिरण्यापूर्वीच वेग आवरावा. कललेल्या अवस्थेत ब्रेक करकचून दाबल्यास वळण्यासाठी हवी असलेली टायरची पकडच खर्ची पडते. वेग दुप्पट झाला, की त्याच वळणाला चौपट पकड लागते. हा निसर्गाचा कायदा कोणाच्याही कौशल्याचा मुलाहिजा राखीत नाही. पावसाळ्यात दरडीची माती रस्त्यावर आली, की ती पकड आधीच उणावलेली असते. अरुंद रस्त्यावर चढून येणाऱ्या वाहनास प्रथम वाट देणे, हा तर वाहतुकीचा नियमच आहे. दृष्टी दरीकडे न लावता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी, आणि आपली डावी बाजू आपण कदापि सोडू नये, ही विनंती.