फोन उद्या हरवणार आहे, असं धरून चाल

बाळा, लोकांच्या फोनमध्ये मेल जोडून द्यायचं काम तू अंगावर घेतलंस, याचा आत्याला आनंद आहे. काम दिसायला दहा मिनिटांचं असतं. पण ज्याचा फोन तुझ्या हातात येतो, त्याच्या ऑर्डरी, बिलं, कर खात्याच्या नोटिसा, मुलांचे परदेशातले अर्ज, सगळं त्याच्या मेलमध्ये असतं. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. जोडणी करताना हा फोन उद्या हरवणार आहे, असं धरून चाल. तो खरंच हरवला, तरी त्या माणसाचा एकही मेल जाता कामा नये आणि दुसऱ्या कुणाला तो वाचताही येता कामा नये. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

मेल राहतो कुठे, ते आधी विचार

मेल आणायच्या पद्धती दोन, पॉप-थ्री आणि आयमॅप. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि मिनिटाला पैसे पडायचे, त्या काळाला पॉप सोयीचं होतं. जोडायचं, मेल आपल्या यंत्रावर उतरवून घ्यायचे, तोडायचं. मूळ घडणीत उतरवलेला मेल सर्व्हरवरून पुसला जायचा. आयमॅपची आखणी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला केली. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोन, लॅपटॉप, ऑफिसचा संगणक सगळ्यांना तोच दिसतो. आयमॅपवरचा फोन म्हणजे पासबुक. ते हरवलं तरी पैसे बँकेत असतात. म्हणून फोनवर आयमॅपच निवड.

यातली एक बाजू मात्र गिऱ्हाइकाला तोंडाने सांगायची. आयमॅपमध्ये फोनवरून मेल पुसला की तो सगळीकडून पुसला जातो. ‘फोनमध्ये जागा करायची म्हणून मेल उडवले’ असं करू नका, हे त्यांना दोनदा सांग.

कधी तक्रार येईल की सकाळी फोनवर दिसलेला मेल दुपारी गायब झाला. फोन उघडून बसू नकोस. ऑफिसच्या जुन्या संगणकावर पॉप चालू आहे का, ते बघ. तो संगणक मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरून काढून टाकतो. तिथे ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण आधी लाव. आणि त्या संगणकावरचं जुनं खातं घाईने काढू नकोस. कित्येक वर्षांचे मेल फक्त त्याच संगणकातल्या एका फाइलमध्ये असू शकतात. त्या फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, उघडून पाहिली, की मगच खात्याला हात लाव.

फोनला हात लावण्याआधी कागद घे

पूर्ण मेल पत्ता, येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, त्याचा पोर्ट, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, त्याचा पोर्ट आणि दोन्हीकडे सुरक्षिततेचा प्रकार. एवढं समोर असलं की चाचपडावं लागत नाही. पोर्ट पाठ करून टाक. आयमॅप एसएसएलसह ९९३. पॉप एसएसएलसह ९९५. मेल पाठवणाऱ्या एसएमटीपीसाठी ४६५ किंवा ५८७. ४६५ वर संभाषण पहिल्या क्षणापासून कुलूपबंद असतं. ५८७ वर ते उघडं सुरू होतं आणि स्टार्ट-टीएलएसने लगेच कुलूप लागतं. सर्व्हर दोन्ही देत असेल तर ४६५ घे. पोर्ट २५ हा सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीचा, फोनसाठी तो वापरायचा नाही.

१४३ आणि ११० हे जुने पोर्ट. सुरक्षितता ‘काही नाही’ ठेवूनही त्यांवर जोडणी होऊन जाते आणि मेल येऊ लागतो, म्हणून मोह होतो. पण तसं केलं तर स्टेशनवरच्या फुकट वायफायवरून पासवर्ड उघडा जातो. अशी जोडणी कुणालाही करून देऊ नकोस.

जीमेल, आउटलुक असेल तर हाताने भरू नकोस

खातं जोडताना फोन मेल देणाऱ्या कंपन्यांची यादी दाखवतो. तिथे गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट निवड. त्यांचं स्वतःचं पान उघडतं, माणूस त्यावर पासवर्ड टाकतो आणि फोनला फक्त परवाना मिळतो. फोन चोरीला गेला तर दुसऱ्या यंत्रावरून खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन तेवढा परवाना रद्द करता येतो.

जुन्या अ‍ॅपमध्ये पासवर्ड अचूक असूनही ‘चुकीचा पासवर्ड’ येत राहतो, त्याचं कारणही इथेच आहे. नुसता पासवर्ड घेऊन आत सोडण्याची पद्धत गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून थांबवायला घेतली आणि मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून. अशा वेळी पासवर्ड पुन्हापुन्हा बदलू नकोस, अ‍ॅप बदल. जुनंच अ‍ॅप हवं असेल तर गूगल १६ अक्षरांचा वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ देतं. त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी आधी चालू असावी लागते. तो एकदाच दिसतो. प्रत्येक यंत्राला वेगळा काढ आणि त्याला यंत्राचं नाव दे, म्हणजे एक हरवलं तरी बाकीची चालू राहतात.

‘मेल येतात, पण जात नाहीत’

ही तक्रार तुला सतत ऐकू येईल. स्वतःच्या डोमेनचं खातं आयफोनमध्ये हाताने भरताना जाणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यांत युजरनेम आणि पासवर्डपाशी ‘ऐच्छिक’ असं लिहिलेलं असतं. लोक ते रिकामं सोडतात. बहुतेक सर्व्हर ओळख पटवल्याशिवाय मेल पुढे पाठवत नाहीत. तिथेही तेच युजरनेम, तोच पासवर्ड भर. डोमेनच्या खात्याचं युजरनेम बहुधा पूर्ण मेल पत्ता असतं, @ च्या आधीचा तुकडा नव्हे.

टायपिंगकडेही नीट बघ. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि सुचवलेला शब्द घेतला की शेवटी एक रिकामी जागा सोडतो. ती जागा डोळ्याला दिसत नाही, पण सर्व्हर त्या पत्त्याला ओळखत नाही.

सर्व्हरची ओळख पटत नाही, असा इशारा आला तर थांब

‘पुढे जा’ दाबायचं नाही. आधी फोनची तारीख आणि वेळ बघ. ती चुकली तर सर्व्हरची ओळख पटवणारं चांगलं प्रमाणपत्रही मुदतबाह्य वाटतं. मग सर्व्हरचं नाव ताड. होस्टिंगवाल्याचं प्रमाणपत्र कधी त्याच्या स्वतःच्या सर्व्हरच्या नावावर असतं, तेव्हा त्याने दिलेलं नावच भरायचं. आणि इशारा फक्त हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर येत असेल, तर ते वायफाय सोडून मोबाइल डेटावर ये.

मेल अचानक थांबले तर जागा आणि बॅटरी बघ

गूगलची फुकट १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली आहे. लग्नाचे व्हिडिओ चढवले की ती भरते आणि माणसाला येणारे मेल परत फिरू लागतात. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याची सोय मेल अ‍ॅपला झोपवते, त्या अ‍ॅपला सूट दे. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये जीमेल तत्काळ येत नाही, ठरावीक वेळाने आणला जातो. ज्याला क्षणाक्षणाला मेल हवा, त्याला जीमेलचं अ‍ॅप घालून दे.

डोमेन स्वतःचं असेल तर फोनच्या पलीकडे बघ

सेटिंग बरोबर असूनही पाठवलेले मेल स्पॅममध्ये पडत असतील, तर डोमेनच्या नोंदी तपासायच्या. एसपीएफ सांगतं की या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतं. या दोन्हींशी न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबतचे नियम कडक केले आहेत. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, हेही विचार. मुदत चुकली की सगळ्या ऑफिसचा मेल बंद. आणि डोमेन जिथे नोंदवलं आहे, तिथल्या खात्याला लावलेला मेल पत्ता त्याच डोमेनचा नको. डोमेन बंद पडलं, तर ते चालू करायची सूचना पोहोचणार कुठे?

परतीचा रस्ता आजच बांध

बहुतेकांचा ओटीपी त्याच फोनवर येतो, जो हरवणार आहे. म्हणून दुसरा मेल पत्ता आणि घरातल्या विश्वासाच्या माणसाचा नंबर खात्याला जोड. गूगल ८ आकडी असे १० राखीव कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून घराच्या कागदपत्रांत ठेवायला लाव. ज्यांची मुलं दुबईत किंवा अमेरिकेत आहेत, त्यांना हे आवर्जून सांग. तिथे गेल्यावर इथलं सिम बंद पडू शकतं आणि मग ओटीपी पोहोचत नाही. वडीलधाऱ्यांच्या पडून राहिलेल्या खात्यांकडेही लक्ष दे. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यातल्या फोटोंसकट.

लोकांशी वागताना

पासवर्ड टाकायची वेळ आली की फोन त्यांच्या हातात दे आणि नजर दुसरीकडे वळव. त्यांनी मोठ्याने सांगितला तर प्रेमाने म्हण, ‘काका, तुम्हीच टाका.’ आपल्या वहीत कुणाचाही पासवर्ड लिहायचा नाही. सोय म्हणून आपला नंबर त्यांच्या खात्याला जोडायचा नाही. फोनला कुलूप नसेल तर आधी ते लाव. जुना फोन विकणार असतील तर खातं काढून, फोन पूर्ण पुसून मगच द्यायला सांग. आणि फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा, हे कागदावर लिहून दे.

उठण्याआधी तपासून घे

दुसऱ्या कंपनीच्या खात्यावरून त्या फोनवर मेल पाठव. फोनवरून त्याला उत्तर दे, सोबत एक फोटो जोड. वायफाय बंद करून डेटावर पुन्हा पाठव. ते उत्तर संगणकावरच्या ‘सेंट’मध्ये दिसतं का, ते बघ. मग सुरुवातीचा कागद, पासवर्ड न लिहिता, त्यांच्या हाती दे आणि हरवलेल्या फोनचा परवाना कसा काढायचा, ते त्यांच्याच बोटांनी एकदा करून घे. तू गावात नसशील त्या दिवशी फोन गेला, तरी त्या माणसाला दुसऱ्या फोनवरून स्वतःचं खातं सांभाळता आलं पाहिजे. ते त्याला जमलं, की तुझं काम झालं.